वातातलं बोलणं

“हिच्या हातचं पाणी नको मला,” आत्ती म्हणाली. “हिनं गोळी उगाळली. माझं पोर मारलं हिनं.”

मी चमचा धरून उभी होते. आदल्या दिवसापासून तिला सबंध गोळी गिळता येत नव्हती, म्हणून सिस्टरच म्हणाली होती, चुरून पाण्यात द्या. मी घरून आणलेल्या वाटीत चमच्याच्या पाठीनं गोळी चुरत होते आणि आत्ती माझ्या हाताकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, बरं झालं, कशात तरी लक्ष आहे. तेवढ्यात तिनं हे वाक्य टाकलं, आणि तेही अशा खणखणीत आवाजात की समोरच्या खाटेवरच्या बाईनं नाश्ता करता करता घास हातातच धरून ठेवला.

माझी नणंद विमल खाटेच्या पलीकडे उभी होती. पुढं होऊन तिनं माझ्या हातातला चमचा काढून घेतला आणि स्वतः आईच्या तोंडाशी नेला. आत्तीनं तो निमूटपणे घेतला.

बायाक्का माझी सासू. आमच्या भागात सासूला आत्ती म्हणायची पद्धत आहे. धुण्याच्या दगडापाशी शेवाळावरून तिचा पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं, म्हणून तिला मिरजेच्या एका दवाखान्यात आणलं होतं. वाटेत ती शहाण्यासारखी बोलत होती. प्रत्येक खड्ड्याला टेम्पो चालवणाऱ्या माझ्या दिराला, सर्जेरावाला, शिव्या घालत होती. पण दवाखान्यात पडल्यावर दोन दिवसांत तिचं सगळंच बिनसलं. भिंतीवरनं मुंग्या चालल्यात म्हणायची. सिस्टरला पाटलीणबाई म्हणायची. ‘तवा ठेव, तवा ठेव’ असा घोशा लावायची. मधेच गाढ झोपायची, मधेच दचकून उठून सलाइनची नळी उपसायची. ऑक्सिजनचा मास्क तर तोंडावर ठरतच नव्हता. लावला की बोट घालून बाजूला. शेवटी त्यांनी तिचे दोन्ही हात पट्टीनं खाटेच्या दांड्याला बांधून टाकले. मन ताळ्यावर येत नाही तोवर ऑपरेशन करता येणार नाही, आणि ऑपरेशन फार लांबलं तर म्हातारीचं काही खरं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

आमच्याकडे याला वात झाला म्हणतात. आणि वातात माणूस खरं बोलतं, असंही म्हणतात. तेच मला नडलं.

माझा नवरा जगन्नाथ दोनेक वर्षांपूर्वीच गेला होता. संध्याकाळी छातीत जळजळतंय म्हणाला. मी फडताळातली पित्ताची गोळी दिली. घरात सगळेच ती घ्यायचे. उजाडायच्या आत तो गेला. हृदयाचा झटका होता, गोळीचा काही संबंध नाही, असं तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. पण गावाला डॉक्टरपेक्षा पारावरचं जास्त खरं. बायकोनं भलतीच गोळी दिली, असं तेराव्याच्या पंगतीत वाढपीसुद्धा कुजबुजत होते. तेव्हा आत्ती पदर खोचून पंगतीच्या मधोमध उभी राहिली. “माझ्या सुनंला कुणी बोललं तर भरल्या पानावरनं उठवीन,” म्हणाली. त्यानंतर कोणी बोललं नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही. मला मूलबाळ नव्हतं. माहेरीही दार उघडायला कोणी उरलं नव्हतं. आत्तीच्या त्या एका वाक्यावर मी त्या घरात उभी होते. आणि आता तीच भर वॉर्डात म्हणत होती, माझं पोर मारलं हिनं.

विमलनं मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

“वहिनी, तुम्ही जरा हिकडंच थांबा. तुम्हाला बघितलं की ती जास्तच खवळतीया.”

“वन्सं, आपण काय बोलतोय ते तिला कळतंय तरी का?”

“मला काय ठाऊक?” विमल माझ्याकडे न बघता म्हणाली. “पण आडात असल्याबिगार पोहऱ्यात येतंय व्हय?”

हाच प्रश्न मला सकाळपासून कुरतडत होता. विमलनं तो तोंडावर म्हटला, एवढंच. मी बाकड्यावर बसले. आतून अधूनमधून आत्तीचा आवाज येत होता. ‘तवा ठेव’ ऐकू आलं की मला बरं वाटायचं, कारण निदान त्यात मी नव्हते.

दुपारी सर्जेराव आला. डोळे लाल झालेले. आईच्या खाटेजवळ उभा राहून बाहेर आला आणि भिंतीला टेकून विमलला म्हणाला, “आक्का, मी ठरवलंय. आईला घरी न्यायचं.”

“घरी?” मी म्हणाले.

“हे दवाखान्याचं दुखणं न्हाई, वहिनी. त्या दगडापाशी जागा वाईट हाय, समद्या गावाला म्हाईत हाय. उतारा काढायला सिद्धूबुवाला निरोप धाडलाय. टेम्पोत गादी घालून आणतो. दिवेलागणीच्या आत निघू.”

“मोडक्या हाडानं? भाऊजी, सलाइन काढलं तर तिच्या पोटात पाण्याचा थेंब जायचा न्हाई. दोन दिवस तरी काढंल का ती?”

“हितं काय निघतंय मग? बांधून घातलीया जनावरागत.” त्याचा आवाज फाटला. “मी बघू शकत न्हाई.”

सर्जेराव वाईट माणूस नव्हता. आईवर त्याचा जीव होता, आणि तोच जीव तिच्या जिवावर उठला होता. मी विमलकडे बघितलं. तिनं मान खाली घातली. म्हणजे तिचंही ठरत आलं होतं. सर्जेराव गादी आणायला निघून गेला.

मी खोटं बोलणार नाही. आत्ती जगावी असं मला वाटत होतं, आणि त्याबरोबर ती शुद्धीवर येऊन तिनं ते वाक्य परत घ्यावं असंही तितकंच वाटत होतं. ती अशीच गेली असती तर त्या वाक्याचं मी काय केलं असतं? विमलनं ते ऐकलं होतं. सर्जेरावला कळणार होतं. मग गावाला. आणि गावाचं जाऊ दे, मलाच ते जन्मभर ऐकू येत राहिलं असतं.

विमलनं भाकरीचं फडकं सोडलं. मलाही भाकरी दिली, ती मी तशीच गुंडाळून ठेवली. तिचं खाणं झालं तशी ती व्हरांड्याच्या टोकाला बेसिनपाशी गेली. कमरेची डबी काढली, चिमूटभर मिश्री तळहातावर घेतली आणि डाव्या बाजूच्या दातांवर बोट फिरवू लागली. डोळे अर्धे मिटलेले. तर्जनी वाकडी करून पुढं-मागं, पुढं-मागं. सकाळपासून ताणलेला तिचा चेहरा हळूहळू सैल पडत गेला.

मी नुसती बघत होते. आमच्या घरात हे रोजचं. विमलला ही सवय आईकडूनच लागली होती. बघता बघता मला वाटलं, हे बोट मी आज कुठं तरी पाहिलंय.

मी उठले आणि वॉर्डाच्या दारात उभी राहिले. आत्तीचं तोंड अर्धवट उघडं होतं, डावीकडे कललेलं. उजवा हात दांड्याला बांधलेला. त्या हाताची तर्जनी वाकडी होऊन हवेतच फिरत होती. पुढं-मागं, पुढं-मागं. सिस्टर म्हणायची, बघा, मास्क ओढायला बघतात. ती मास्क ओढायला बघत नव्हती. मास्क तिच्या वाटेत येत होता.

“तवा ठेव गं,” आत्ती पुटपुटली.

तंबाखूची पानं तव्यावर काळी होईतो भाजायची, मग कुटायची, तेव्हा मिश्री होते. घरात तो तवा मीच ठेवायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ते हेच.

मी विमलकडे धावत गेले. “वन्सं, पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, पेशंटला काही व्यसन आहे का? तुम्ही काय सांगितलंत?”

“न्हाई म्हणून सांगितलं. आईला कसलं आलंय व्यसन?”

“आणि मिश्री?”

तिनं तोंड धुतलं. माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. “मिश्री व्यसन व्हय? दात घासायचं ते.”

तिथं मी असते तर मीही तेच सांगितलं असतं. मिश्रीला व्यसन म्हणणं म्हणजे आमच्याकडे आंघोळीला व्यसन म्हणण्यासारखं. पण आत्तीचे दात सकाळी उठल्यावर, जेवल्यावर, भांडण झाल्यावर, भांडण मिटल्यावर आणि पाहुणे आल्यावर घासले जायचे. दात राहिले होते मोजके, घासणं मात्र थांबलं नव्हतं. आणि ती पडल्यापासून ते एकदम बंद झालं होतं. डबी घरी चुलीमागच्या कोनाड्यात राहिली होती.

त्या डॉक्टरीणबाई, डॉ. उपाध्ये, खाली बाहेरचे पेशंट बघत होत्या. दारात ही रांग. मी रांगेतल्या लोकांच्या शिव्या खात सरळ आत शिरले. त्या तरुण होत्या, दमलेल्या होत्या, आणि माझ्या घुसण्यानं चिडल्याही होत्या.

“बाई, राउंडला येईन तेव्हा बोलू.”

“तोवर माझा दीर तिला घरी नेतोय. डॉक्टर, माझी सासू मिश्री लावते. मिश्री बंद केल्यावर असं होतं का?”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “किती वेळा लावतात?”

“उठता-बसता. मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीपासून.”

“मग तंबाखू बराच जात असणार पोटात.” त्या क्षणभर विचारात पडल्या. “हे बघा, एकट्या मिश्रीनं एवढं होत नाही. हाड मोडलंय, दुखतंय, जागा परकी, झोप नाही. काल लघवीत इन्फेक्शनही निघालंय, त्याचं औषध सुरू केलंय. या वयात एवढं सगळं एकदम आलं की मेंदू गोंधळतो. पण तंबाखू असा एका दिवसात तुटला तर त्या गोंधळात भर पडते, आणि माणूस बिथरतं. तंबाखूऐवजी दंडावर लावायची निकोटिनची पट्टी मिळते. लावून बघू.”

“गुण येईल?”

“येईल असं वाटतं. पण दिवा लावल्यासारखा लगेच नाही. एखादा दिवस जाईल, जास्तही लागेल. चष्मा वापरतात का?”

“पिशवीत आहे.”

“तो घाला. खाट खिडकीपाशी घ्यायला सांगते, दिवस-रात्र कळू दे. आणि घरचं माणूस जवळ बसू दे.”

घरचं माणूस म्हणजे कोण, हे त्यांना काय माहीत. मी पट्टीचा कागद घेऊन औषधाच्या दुकानाकडे पळाले. परत आले तर आवारात टेम्पो उभा होता. सर्जेराव ठरल्यापेक्षा लवकर आला होता. वर गेले, तर तो एका मित्राला घेऊन आत्तीच्या हाताची पट्टी सोडत होता. सिस्टर त्याच्याशी भांडत होती. विमल नुसती बाजूला उभी.

मी खाटेपुढं आडवी आले. “भाऊजी, थांबा.”

“वहिनी, बाजूला व्हा.”

“तिला मिश्री मिळाली न्हाई म्हणून होतंय हे. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलंय. उद्या सकाळपर्यंत थांबा.”

सर्जेराव हसला. रडणाऱ्या माणसाचं हसणं असतं तसं. “मिश्रीनं? मिश्री न्हाई म्हणून मुंग्या दिसत्यात?”

“हिला बाजूला घ्या,” आत्ती मध्येच ओरडली. चष्मा नसलेले तिचे डोळे माझ्यावर रोखलेले होते. “गोळी हाय तिच्या हातात.”

माझ्या हातात खरंच औषधाचं पाकीट होतं. सगळा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला. सर्जेराव आईकडे बघत होता, मग माझ्याकडे, मग पुन्हा आईकडे. त्याच्या डोळ्यांत काय चाललंय ते मला स्वच्छ दिसलं.

“सर्जा,” विमल म्हणाली.

“काय?”

“जतच्या बाजारात एकदा माझी डबी पडली हुती. त्या दिवशी संध्याकाळी मी तुझ्या दाजींच्या अंगावर कळशी फेकली. का फेकली ते मला अजून सांगता येत न्हाई.” ती पुढं आली आणि तिनं सर्जेरावचा हात आईच्या मनगटावरनं काढला. “मी एका दिवसात तशी झाले. आईनं तर सारा जन्म लावलीया. थांब सकाळपतूर.”

“आणि तवर काय बरंवाईट झालं तर?”

“तर माझं नाव घ्या,” मी म्हणाले. “तसंही घेताच आहात.”

हे बोलायला नको होतं, पण बोलून गेले. सर्जेराव खाली जाऊन टेम्पोतल्या गादीवर बसून राहिला.

पट्टी दंडावर लागली. डोळ्यांवर चष्मा चढला. खाट खिडकीपाशी गेली. कोणीतरी धरून बसायचं या अटीवर आत्तीचा उजवा हात मोकळा केला. विमल हात धरून डोक्याशी बसली आणि मी पायाशी, तिला दिसणार नाही अशी. खिडकीबाहेर लिंबाच्या झाडावर ऊन उतरत होतं. आत्ती एकसारखी हात हिसकत होती. बराच वेळ काहीच फरक दिसला नाही, आणि मला वाटायला लागलं की मी पैज हरले. मग सिस्टरनं विमलला कसल्याशा कामाला बोलावलं. आत्तीचा हात माझ्याकडे आला.

तिनं डोळे उघडले. चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. मी अंग चोरलं. पण ती ओरडली नाही. सासूसमोर सून बोलते तशी मान खाली घालून, हलक्या आवाजात म्हणाली,

“आत्याबाई, मी रानात निघाले तवा पोर हसत हुतं.”

मी तिचा हात घट्ट धरला.

“रडायला लागलं म्हणून निजवायला दिलीसा, ठावं हाय मला. समदीच देत्यात. पर उगाळलीसा किती? मी आले तवा पोर गार हुतं, आत्याबाई.”

पूर्वी आया रानात गेल्या की तान्ही पोरं निजून राहावीत म्हणून घरातल्या म्हाताऱ्या अफूची बाळगोळी उगाळून चाटवायच्या. हे मी ऐकून होते. आत्ती आपल्या सासूला आत्याबाई म्हणायची, हेही ऐकून होते. पण जगन्नाथच्या आधी त्या घरात एक पोर जन्मलं होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

विमल परत येऊन माझ्या मागं उभी राहिली होती. “आई, कुठलं पोर?” तिनं विचारलं. आत्तीनं तिकडे लक्षही दिलं नाही.

“वन्सं, ती माझ्याशी बोलत न्हाई,” मी म्हणाले. “तुमच्या आज्जीशी बोलतीया. सकाळपासनं आज्जीशीच बोलतीया.”

विमल खाली बसली. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला नाही. मला इतकं हलकं वाटलं की रडू आलं. मेलेल्या पोराचं ऐकून हलकं वाटावं हे काही चांगलं नव्हे, पण वाटलं खरं.

सकाळी आत्तीनं सिस्टरला सिस्टर म्हटलं. दुपारी पेज मागितली आणि अळणी आहे म्हणून परत केली, तेव्हा सर्जेराव गादी घेऊन गावी गेला. मधेच ती भरकटायची, पण परत यायची. ऑपरेशनचा दिवस ठरला.

त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी विमल देवळात गेली होती. मी आत्तीचे केस विंचरत होते.

“मी लई काय काय बोलले म्हणं,” आत्ती म्हणाली.

“आठवतंय तुम्हाला?”

“सपनागत. तुकडं-तुकडं.” तिनं अंगावरची चादर सारखी केली. “पोरगा हुता. बारसं व्हायचं हुतं. सासूनं मुद्दाम न्हाई केलं गं. तिचाबी जीव हुता त्याच्यावर. पर मी तिच्याशी परत बोलले न्हाई. एका चुलीवर राहिलो, ती मरंपतूर. तिच्या हातचा पाण्याचा तांब्याबी घेतला न्हाई. माझ्याकडं बघत बघत गेली.”

माझा हात थांबला. काही प्रश्न विचारू नयेत हे मला तेव्हाही कळत होतं. पण इतकं सगळं झाल्यावर न विचारता राहणं मला जमेना.

“आत्ती, खरं सांगा. ह्यांना मी दिलेल्या गोळीनं झालं, असं वाटतं तुम्हाला?”

मला वाटलं, ती आता मला रागावेल. काहीतरीच काय, म्हणेल. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

“वाटत हुतं,” ती म्हणाली.

“डॉक्टरांनी सांगितल्यावरसुद्धा?”

“डाक्टरनं सांगितलं ते डोस्क्याला कळलं. रोज सकाळी तुझं तोंड दिसलं की वाटायचं. कुणाजवळ बोलले न्हाई.”

“मग पंगतीत उभं राहून ते का बोललात? मला जवळ का ठेवलंत?”

“एका बाईला मी अशी मारली, शालन. बिनबोलता. दुसरी मारायची न्हवती मला.” तिनं माझ्याकडे मान वळवली. “म्हणून तर उठल्या उठल्या पाणी तुझ्याकडंच मागायची. आधी घशाखाली उतरायचं न्हाई. पर मागायची.”

“आणि आता?”

“आता न्हाई वाटत.”

“कधीपासून?”

“ते काय सांगावं? विरजण कवा लागलं ते कुणी बघितलंय? सकाळी उठून बघावं तर दही झालेलं.”

मी फणी खाली ठेवली आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. मला तिचा भयंकर राग आला होता. दोन वर्षं मी समजत होते की या घरात एका माणसाला माझ्याबद्दल कधी शंकाच आली नाही, आणि त्यावर मी जगले होते. ते खोटं होतं. मी पाणी द्यायची, ती शंकेसकट प्यायची, आणि मला कळू द्यायची नाही. खूप वेळ मी तिथं उभी राहिले. आजवर मी तिच्यावर कधी रागावले नव्हते. आश्रिताला रागावता येत नाही. त्या संध्याकाळी मला मनसोक्त रागावता आलं, आणि रागावून झाल्यावर आत जावंसंही वाटलं.

विमल देवळातून आली. प्रसादाची पुडी पुढं करत म्हणाली, “वहिनी, आज तुम्ही घरी जाऊन जरा पाठ टेका. रात्री मी थांबते.”

“नको, वन्सं,” मी म्हणाले. “तुम्ही जावा. आत्तीजवळ मी राहते.”